कापड काढलं, शीर घातली

माझ्या पोटात काही वर्षं पॉलिस्टरचं कापड होतं. हृदयातून निघून पोटात उतरणारी महाधमनी बेंबीच्या आसपास दोन्ही पायांकडे फुटते. तिथंच माझी वाट बंद झाली होती. शंभर पावलं चाललं की कुल्ले आणि मांड्या दगडासारख्या व्हायच्या. लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीमकी करताना ओढलेल्या बिड्यांचं ते व्याज. डॉक्टरांनी महाधमनीला उलट्या वाय आकाराची कापडी नळी जोडली आणि तिचे दोन फाटे दोन्ही जांघांत आणून रक्तवाहिन्यांना शिवले. महात्मा फुले योजनेत काम झालं. महिन्याभरात मी यार्डात चालत जायला लागलो आणि पोटात कापड आहे हे घरातले सगळेच विसरले.

तीनेक वर्षांनी डाव्या जांघेत जुन्या टाक्यांच्या खुणेवर गाठ आली. दुखत नव्हती फारशी. पुढं तिला सुईच्या टोकाएवढं तोंड पडलं आणि त्यातून चिकट पाणी यायला लागलं. जवळच्या दवाखान्यात केसतोड म्हणून चिरा दिला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. जखम सुकली. पुन्हा फुटली. पुन्हा गोळ्या, पुन्हा सुकली. असं कितीतरी दिवस चाललं. संध्याकाळी अंगात कणकण, जेवण कमी, धोतर कमरेवरून घसरायला लागलेलं. शेठ म्हणाले, ‘‘मुनीमजी, वाळायलाव तुम्ही.’’ मी म्हटलं, उन्हाळा आहे.

शेवटी थोरल्या मुलानं एका फिजिशियनला दाखवलं. त्यांनी माझ्या पोटावरचा लांब व्रण पाहिला, जुनी फाईल मागितली आणि जांघेला बोटही न लावता म्हणाले, ‘‘याला आता कुणी सुरी लावायची नाही. आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन.’’ त्या चिऱ्यात नळीच्या जोडालाच धक्का लागला असता तर मी त्या टेबलावरच संपलो असतो, हे मला नंतर कळलं. म्हणून ज्याच्या पोटात किंवा पायात अशी नळी आहे, त्यानं जांघेत साधी पुळी आली तरी डॉक्टरांना पहिलं वाक्य नळीचं सांगावं. मी आता पाकिटात चिठ्ठीच ठेवतो.

सीटीत दिसलं ते असं. नळीच्या डाव्या फाट्याभोवती पाणी जमलेलं आणि त्यात हवेचे बारीक बुडबुडे. ताज्या ऑपरेशननंतर काही आठवडे हवा राहू शकते, तीन महिन्यांपर्यंत थोडं पाणीही असू शकतं. तीन वर्षांनी दोन्हींचं तिथं काही काम नाही.

रिपोर्ट घेऊन छत्रपती संभाजीनगर गाठलं. आंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई. गाडीत मागच्या सीटवर आडवा पडून मी तो रस्ता पहिल्यांदाच फक्त आभाळाकडे बघत काढला. तिथले रक्तवाहिन्यांचे सर्जन वयानं माझ्या मुलाएवढे. त्यांनी अगोदर सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या बंद केल्या. आम्हाला वाटलं, हे काय उलटंच! पण गोळ्या चालू असल्या की तपासणीत जंतू उगवत नाहीत, आणि कोणता जंतू हे न कळता औषध देणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. मग जांघेतल्या पाण्याचा नमुना घेतला, रक्ताच्या बाटल्या भरल्या आणि पेट-सीटी केली, म्हणजे जंतूंनी सुजलेला भाग उजळून दाखवणारा स्कॅन. पेटमध्ये पोटातल्या नळीपासून डाव्या जांघेपर्यंत सगळं उजळलेलं होतं. उजवा फाटा तेवढा मंद.

निदान कसं पक्कं करतात हेही त्यांनी सांगितलं, आणि ते मला हिशेबनीसाला फार पटलं. २०१६ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या गटानं त्याचे निकष छापले. तीन खाती आहेत: रोग्याच्या अंगावर किंवा ऑपरेशनमध्ये काय दिसतं, स्कॅनमध्ये काय दिसतं, प्रयोगशाळेत काय सापडतं. एका खात्यात मोठी नोंद आणि दुसऱ्या खात्यात कसलीही एक नोंद मिळाली की निदान पक्कं. माझ्याकडे दोन खात्यांत मोठ्या नोंदी होत्या. तिसऱ्यात सीआरपी, म्हणजे अंगात सूज किंवा जंतू असले की रक्तात चढणारा आकडा, वाढलेला होता आणि रक्तातून काहीच उगवलं नव्हतं. सावकाश वाढणाऱ्या जंतूत असंच होतं म्हणे. चार-पाच दिवसांनी जांघेतल्या नमुन्यात जंतू उगवला: स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर बसलेला, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. कापडावर मात्र तो स्वतःभोवती चिकट थर विणतो आणि वर्षानुवर्षं आत दडून राहतो.

मी विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब, सलाईनमधून भारी औषध देऊन धुवून निघणार नाही का?’’ ते म्हणाले, ‘‘काका, औषध रक्तातून जातं. मांसाला रक्त असतं, कापडाला नसतं. त्या थराच्या आत औषध पुरेसं पोचतच नाही. बाहेरचे मरतात, ताप उतरतो, औषध थांबलं की आतले पुन्हा बाहेर.’’ माझ्या गोळ्यांच्या खेपांचा सगळा उलगडा तिथं झाला.

कापड कुठून आलं हेही त्यांनी ओघात सांगितलं. १९५०च्या दशकात ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डबेकी दुकानात नायलॉन आणायला गेले, ते मिळालं नाही, म्हणून डेक्रॉन, म्हणजे हेच पॉलिस्टर, घेऊन आले आणि बायकोच्या शिलाई मशीनवर त्यांनी नळ्या शिवल्या. आमच्या मंडळींनी एवढ्या सगळ्या बोलण्यातलं हेच लक्षात ठेवलं आणि दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

पुढची बैठक सगळ्यात महत्त्वाची. डॉक्टरांनी मी, मंडळी आणि थोरला अशा तिघांना बसवून कागदावर चित्रं काढली.

पहिली वाट, ऑपरेशन न करता जन्मभर औषधावर राहायचं. ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही त्यांच्यासाठी ती आहे. पण नळी जिथं धमनीला शिवलेली असते तो जोड जंतू हळूहळू कुरतडतात आणि एक दिवस तो सुटतो. नाहीतर नळी शेजारच्या लहान आतड्याला चिकटते, भोक पडतं, आणि रक्त थेट आतड्यात. आधी थोडी रक्ताची उलटी किंवा काळी शी होऊन थांबते, घरचे म्हणतात पित्त झालं, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी मोठा लोट येतो. आमच्याच वॉर्डात परभणीकडचे एक गृहस्थ अशाच वाटेनं आलेले होते.

दुसरी वाट जुनी. सगळं कापड काढायचं, महाधमनीचं तोंड शिवून बंद करायचं आणि पायांना रक्त काखेजवळच्या धमनीतून द्यायचं. त्यासाठी कातडीखालून, बरगड्यांवरून जांघेपर्यंत नवी नळी टाकायची. फायदा असा की नवी नळी घाणीपासून लांब राहते. पण माझ्या तर जांघाही नासलेल्या, त्यामुळं तिथून वळसा घालावा लागणार. ती लांब नळी गोठून बंद पडण्याची भीती. आणि शिवून बंद केलेलं धमनीचं तोंड पुढं कधीतरी फुटू शकतं. जुन्या नोंदींत दहा-वीस टक्क्यांपर्यंत रोग्यांना तसं झालंय. फुटलं की माणूस हाती लागत नाही.

तिसरी वाट, जुनं काढून त्याच जागी नवं बसवायचं. प्रश्न एवढाच की नवं कशाचं. रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेलं किंवा चांदीचा मुलामा दिलेलं कापड पटकन बसवता येतं, रक्त वाहत असलेल्या रोग्याला तेच बरं पडतं. पण शेवटी ते कापडच. मृत दात्याची गोठवून ठेवलेली धमनी चांगली, पण आपल्याकडे ती सहजी मिळत नाही. गाईच्या हृदयावरच्या आवरणाचा तयार तुकडा मिळतो, त्याची टेबलावरच नळी शिवतात. हे सांगताना डॉक्टर थांबले आणि म्हणाले, ‘‘हे आधीच सांगतोय, कारण घरात बोलायला लागेल.’’ मंडळी दर एकादशी करणाऱ्या. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘त्यांचा जीव वाचायलाय ना? मग पांडुरंगाला मी सांगते काय सांगायचं ते.’’ मला तो प्रसंग त्यांच्या बाजूनं फार मोठा वाटतो.

आणि चौथी वस्तू माझ्याच मांडीत होती. मांडीतली खोल, जाड शीर. अशुद्ध रक्त वर नेणारी. ती काढून, तिच्यातल्या झडपा मोडून, दोन शिरांची मिळून पुन्हा वाय आकाराची नळी करायची आणि धमनीच्या जागी बसवायची. अमेरिकेत डलासच्या सर्जननी १९९३ मध्ये ही पद्धत छापून आणली, युरोपातही त्याच सुमारास सुरू झाली. आपलंच मांस, त्यामुळं जंतू सहसा पुन्हा धरत नाहीत. तोटा वेळेचा. ऑपरेशन आठ-दहा तासांचं, दोन्ही मांड्या कापलेल्या, पाय सुजणार. रक्त फुटून आलेल्या रोग्यात एवढा वेळ नसतो. माझ्याकडे होता. डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करून दोन्ही शिरा मोकळ्या आणि पुरेशा जाड आहेत हे बघितलं.

थोरल्यानं विचारलं, ‘‘वाचण्याची शक्यता किती?’’ डॉक्टरांनी आकडा दिला. चांगल्या केंद्रांतसुद्धा पहिल्या महिन्यात साधारण दहातला एक दगावतो, काही ठिकाणी जास्त. पाय कापावा लागण्याची भीती त्याहून थोडी कमी. पाच वर्षांनी निम्म्याहून थोडे जास्त लोक हयात असतात. जे जातात त्यांतले बरेच हृदयविकारानं जातात, कारण ज्यांची महाधमनी खराब त्यांच्या बाकीच्या वाहिन्याही तशाच. मी त्या दिवसापर्यंत बऱ्याच डॉक्टरांकडून ‘‘काही काळजी करू नका’’ ऐकलं होतं. दहातला एक हा आकडा ऐकून मला उलट झोप लागली. आडतीवर तुरीचा भाव पडला तरी शेतकऱ्याला तो स्पष्ट सांगितलेला चालतो, ‘‘बघू, होईल कायतरी’’ चालत नाही.

पैशाचं थोडक्यात. ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं. खर्च सहा लाखांच्या पुढं जाणार असा अंदाज दिला आणि गेलाही. शेठनी उचल दिली, मंडळींच्या पाटल्या गेल्या, मुख्यमंत्री सहायता निधीतून आलेली रक्कम परस्पर हॉस्पिटलच्या खात्यावर जमा झाली. रक्ताच्या पिशव्यांसाठी आमच्या यार्डातले हमाल जीप करून आले. एकाचं हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं, तर तो दिवसभर रुसून बसला.

ऑपरेशनबद्दल मी काय सांगणार, मी झोपलेलो होतो. नंतर कळलं ते एवढं: सुरुवातीला मूत्राच्या डॉक्टरांनी दोन्ही मूत्रनलिकांत बारीक नळ्या घातल्या, कारण मूत्रनलिका जुन्या कापडाला चिकटलेल्या असतात आणि सोडवताना कापल्या जाऊ शकतात. मांडीच्या शिरा मोकळ्या करून तयार ठेवल्या. मग पोट उघडलं. कापड बाहेर आलं ते काही ठिकाणी हातानंच सुटून आलं, म्हणजे शरीरानं त्याला धरलंच नव्हतं. भोवतालचं नासलेलं मांस खरवडलं, शिरांची नळी बसवली, आणि आतड्यासमोर लोंबणारा चरबीचा पडदा असतो, ओमेंटम, तो ओढून नव्या नळीभोवती गुंडाळला. त्यात रक्त भरपूर खेळतं, म्हणून जंतूंशी लढायला तो बरा, आणि आतडं आणि नळी यांच्यामध्ये आडही होतो. रात्री डाव्या पोटरीचा दाब वाढला म्हणून ती दोन्ही बाजूंनी चिरून उघडी ठेवावी लागली. पाय वाचला तो त्यामुळं.

आयसीयूतले पहिले काही दिवस माझ्या डोक्यात नाहीत, किंवा भलतेच आहेत. मी म्हणे नर्सला सोयाबीनची ओल विचारत होतो. सलाईनच्या स्टँडला काटा समजून वजन चुकीचं धरताय म्हणून भांडलो. थोरला घाबरला, बाप वेडा झाला म्हणाला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, मोठ्या ऑपरेशननंतर वयस्क माणसांना असं होतं, चष्मा द्या, घड्याळ दिसू द्या, घरच्यांनी बोलत राहा. चष्मा घातल्यावर निम्मा बाजार उठला.

मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन चढलं होतं, धमनी वरच्या बाजूला बांधून ठेवल्यामुळं मूत्रपिंडांना ताण पडला होता. डायलिसिस लागलं नाही. आतडं मात्र हलेना. पोट फुगलेलं, नाकातून नळी, आणि तोंडाला पाण्याचा थेंब नाही. इतकं सगळं सोसून मला सगळ्यात जास्त आठवतं ते वारा सरण्याची वाट बघणं. तो सरला तेव्हा मंडळींनी वॉर्डात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

काढलेलं कापड तपासायला गेलं होतं. त्यातून तोच जंतू आला, मेथिसिलिन गटाच्या अँटिबायोटिकना न जुमानणारा. आधी व्हँकोमायसिन, मग दिवसातून एकदाच द्यायचं टिकोप्लॅनिन, म्हणजे घरी जाऊन घेता येईल. दंडातून लांब नळी घातली, पिक लाईन म्हणतात, आणि लातुरात येऊन शेजारच्या नर्सबाई रोज सकाळी इंजेक्शन देऊन जायच्या. शिरेतून सहा आठवडे, नंतर काही महिने गोळ्या. जखमा सुकल्यावर जोडीला रिफॅम्पिसिन सुरू केलं. ते औषध एकटं कधी द्यायचं नसतं, जंतू लगेच त्याला सरावतात. लघवी केशरी झाली, बनियनला घामाचे केशरी डाग. हेच औषध टीबीलाही देतात, म्हणून औषध दुकानदारानं आवाज खाली करून विचारलं, ‘‘काका, टीबी निघाला का?’’ आठवड्यात गल्लीत तेच झालं आणि दोन घरच्यांनी चहाला येणं बंद केलं. मंडळींनी दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, तेव्हा कुठं चहा चालू झाला. याच औषधानं आणखी एक खोडी केली. माझी बीपीची अम्लोडिपिन गोळी लागूच पडेना. रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की बाकीची औषधं लवकर मोडून जातात. बीपी नको तितकं वर गेलं तेव्हा फिजिशियननी गोळी बदलली. रिफॅम्पिसिन सुरू करताना आपल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढं मांडाव्यात, पित्ताच्या गोळीपर्यंत.

मूत्रनलिकांतल्या नळ्या मध्ये एकदा जाऊन काढून आणल्या. पोटरीची उघडी जखम भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला; मांडीची कातडी लावली तिथं. खाण्याचं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, अंडी खा, प्रथिनांशिवाय जखम भरत नाही. माळकरी घरात अंडी शिजेनात, म्हणून थोरला रोज हॉटेलातून उकडून आणायचा आणि मी गच्चीवर खायचो. डाळ, शेंगदाण्याची चटणी, ताक हे घरातलं. बिडी पहिल्या दिवसापासून बंद. ती बंद नसती केली तर या शिराही तुंबल्या असत्या, यात डॉक्टरांनी काही गोड बोलणं ठेवलं नाही.

परभणीच्या त्या गृहस्थांचं सांगायचं राहिलं. त्यांची नळी आतड्यात शिरलेली, रक्ताच्या उलट्या होऊन आलेले. शिरा काढत बसायला वेळ नव्हता. आतड्याचं भोक शिवलं, कापड काढलं, धमनीचं तोंड बंद केलं आणि काखेतून बरगड्यांवरून नळी टाकली. ते मला शर्ट वर करून दाखवायचे, कातडीखाली नळी उडताना दिसायची. त्या कुशीवर झोपता येत नाही, घट्ट पट्टा बांधता येत नाही. वर्षभरात ती नळी दोनदा गोठली. दुसऱ्यांदा उशीर झाला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वर गेला. त्यांचं ऑपरेशन चुकलं असं मला अजिबात वाटत नाही. ज्या अवस्थेत ते आले होते, त्यात त्यांचं घरी जाणंच मोठं होतं. आमचं फोनवर बोलणं असतं. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर ते बसतात आणि उधारी वसूल करतात, त्याला पाय लागत नाही म्हणतात.

माझा हिशेब असा. यार्डात अर्धा दिवस बसतो. न थांबता यार्डाच्या गेटापासून दुकानापर्यंत जातो, मग डावी पोटरी भरते. खोल शिरा काढल्यामुळं दोन्ही पाय संध्याकाळी सुजतात, डावा जास्त. सकाळी उठायच्या आधी दाबाचे मोजे घालतो, एप्रिल-मे महिन्यात लातुरात ते घालणं काय असतं हे ज्यानं घातलेत त्यालाच विचारावं. डाव्या पायाच्या बोटांवर बधिरपणा राहिलाय, म्हणून चप्पल सोडून बूट. सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या सीटीत नळीभोवती पाणी नाही, हवा नाही. सीआरपी खाली.

गोळ्या थांबवायच्या का, यावर दोन मतं निघाली. फिजिशियन म्हणाले चालू ठेवा, नुकसान नाही. सर्जन म्हणाले, कापड सगळं निघालंय, आत आता सगळं तुमचंच आहे, रक्त आणि स्कॅन साफ आहेत, जन्मभर औषधाची गरज ज्यांचं कापड आत राहिलंय त्यांना जास्त. ‘‘पण अगदी शंभर टक्के कुणी सांगणार नाही,’’ हेही म्हणाले. मी थांबवायचं ठरवलं. तेव्हापासून दर महिन्याला लातुरातच सीआरपी करतो आणि रिपोर्ट थोरला त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. मागच्या वेळी आकडा थोडा वर होता, सगळं घर हादरलं. दाढ दुखत होती, ती काढल्यावर उतरला. दाढ काढायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना नळीचं सांगितलं, त्यांनी सर्जनना फोन केला, आणि अँटिबायोटिक देऊनच हात लावला. पुढची सीटी दिवाळीनंतर आहे.